आमच्या शाळेतल्या गेनबाई

गेनबाईंचं खरं नाव ग्वेन प्रीस. पण गावातल्या जिभांना ते ‘ग्वे’ काही पेलवेना. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या गेनबाई झाल्या, आणि मग आमचे हेडमास्तर, पटले मास्तर, सोडले तर त्यांना मिस प्रीस म्हणणारं कोणी उरलं नाही. गावात आणखी दोघी गेनबाई होत्या. त्यातली एक बाजारात मुरमुरे विकायची. घोळ होऊ नये म्हणून ह्यांना लोक ‘सायकलवाल्या गेनबाई’ म्हणत.

मी त्या हायस्कुलात मराठी शिकवायला त्रेपन्न साली गेले. नागपूरहून बी.ए. होऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि पहिलीच नोकरी होती. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात होता. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं ते गाव. शाळा गावच्या मालगुजारांनी, म्हणजे तिकडच्या जमीनदारांनी, पुढाकार घेऊन काढलेली. मालगुजारी कायद्याने गेली होती, पण लोक त्यांना मालगुजारच म्हणत, आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच होते. मला राहायला त्यांच्या गोठ्यामागच्या दोन खोल्या दिल्या. महिनाभराने हेडमास्तर म्हणाले, “बाई, एक खोली मोकळी करा. इंग्रजी शिकवायला मॅडम येत आहेत, विलायतेहून.”

झालं होतं असं. मालगुजारांचा पुतण्या खाणींचं शिक्षण घ्यायला वेल्समध्ये गेला होता. तिथे तो एका मध्यमवयीन बाईंच्या घरी भाड्याने राहायचा. बाई शाळेत शिकवत. म्हाताऱ्या आईच्या दुखण्यापायी त्यांनी नोकरी सोडली आणि आई गेल्यावर घरात एकट्या उरल्या. हा पोरगा जेवताना गावच्या गोष्टी सांगायचा. काकांनी हायस्कूल काढलंय, पण इंग्रजीला माणूस मिळत नाही, मिळाला तर पावसाळ्यात पळून जातो, असं तो एकदा सहज बोलला. बाई म्हणाल्या, “मी जाऊ?” त्याला वाटलं गंमत करताहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोटीची चौकशी केली.

तिरोड्याच्या स्टेशनवर त्यांना घ्यायला आम्ही बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन गेलो. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई गाडीतून उतरली. हेडमास्तर हार घेऊन पुढे झाले तर त्या मागे वळून मालडब्याकडे धावल्या, कारण त्यांची सायकल त्यात होती. हार घातला तो सायकल धरलेल्या अवस्थेतच. बंडीत बसायचं त्यांनी नाकारलं. सामान बंडीत आणि बाई मागून सायकलवर, चिखलातून, अशी आमची वरात गावात शिरली.

पगार घ्यायचा नाही, राहायला जागा आणि खायला तांदूळ-डाळ एवढंच, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. गावाला ह्याचाच संशय आला. मालगुजारांनी तिसऱ्या दिवशी त्यांना ओसरीवर बोलावलं. मी दुभाषी म्हणून बरोबर होते. मालगुजार आडपडदा न ठेवता म्हणाले, “बाई, फुकटात कायले शिकवून राहिल्या तुमी? बाटवाले त नाई आल्या ना?”

मी जरा मऊ करून इंग्रजीत सांगितलं. पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं असावं. म्हणाल्या, “त्यांना सांग, मला माझाच देव नीट सांभाळता येत नाही. दुसऱ्याचा कुठे बदलत बसू? आणि घरी बसले असते तर मांजर पाळलं असतं. त्यापेक्षा हे बरं.”

मालगुजार खूप हसले. “मांजर इथं बी भेटंल,” म्हणाले, आणि चहा मागवला.

गेनबाईंबरोबर राहणं सोपं नव्हतं. त्यांना स्वयंपाक येत नसे. भात करपला की त्या तो करपलेलाच खात आणि मला म्हणत, तू वरचा घे. लाखोरीची डाळ त्यांना एवढी आवडायची की त्या ती वाटीने पीत. चहात दूध-साखर घालू देत नसत. खुर्ची आणून दिली तरी जमिनीवर बसत, आणि उठताना गुडघे असे वाजत की बाहेरच्या गायी कान टवकारत. सगळ्यात कठीण म्हणजे त्यांचं सकाळचं गाणं. आंघोळ करताना त्या त्यांच्या भाषेत, म्हणजे वेल्श भाषेत, मोठ्या आवाजात गायच्या. ती गाणी संथ, खालून वर चढत जाणारी. पहिल्या दिवशी शेजारची बाई घागर टाकून धावत आली. “काय वो कुसुमबाई, रडून राहिली का ते गोरी बाई?” मी म्हटलं, गाते आहे. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “मंग कोनी तरी मेलं असंल तिचं.” तिने संध्याकाळी भाजी आणून दिली.

वर्गात त्यांची पद्धत वेगळीच होती. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं आणि पोरांना इंग्रजीची भीती. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि विचारलं, हे काय? पोरं म्हणाली, बांधी. धानाच्या शेताच्या तुकड्याला तिकडे बांधी म्हणतात. त्यांनी तो शब्द फळ्यावर आपल्या लिपीत लिहिला, दोनदा म्हणून बघितला, आणि त्याच्या बदल्यात एक इंग्रजी शब्द दिला. मग हा व्यवहारच ठरला. पोरांनी एक शब्द द्यायचा आणि एक घ्यायचा. शब्द पोरांच्या घरचे, म्हणजे झाडीबोलीचे, त्या भागातल्या मराठीचे, आणि काही पोवारीचे, पोवार लोकांच्या घरच्या भाषेचे. त्यामुळे सहा महिन्यांत गेनबाईंचं मराठी तयार झालं ते माझ्या वर्गातलं नव्हे, बांधावरचं. “कुसुम, मी बाजारात जाऊन राहिली, तुले काही पायजे का?” असं त्या मला विचारायच्या. कोणी विचारलं, बाई, मराठी कसं चाललंय, तर उत्तर ठरलेलं, “होऊन राहिलं.”

हेडमास्तरांना हे पटणारं नव्हतं. पटले मास्तर चाळिशीचे, कडक इस्त्रीचं धोतर, कोट, आणि मराठी असं की छापायला द्यावं. ते जवळच्याच गावच्या पोवार शेतकऱ्याच्या घरचे. त्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी माळव्यातून इकडे येऊन जमीन लागवडीला आणली. ते त्या घरातले पहिले शिकलेले आणि पुण्याला जाऊन पदवी घेऊन आलेले. त्यांच्यामुळेच शाळा उभी राहिली होती. फुटक्या कौलांखाली पावसात छत्री धरून त्यांनी वर्ग घेतलेले मी पाहिले आहेत. पण त्यांचा एक नियम होता. वर्गात कोणी गावंढळ बोललं, ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणालं, ‘कशाला’ऐवजी ‘कायले’ म्हणालं, पोवारी शब्द वापरला, की त्याच्या गळ्यात दोरी ओवलेली पाटी अडकवायची. पाटी गळ्यात असलेल्याने कान देऊन ऐकायचं. दुसरं कोणी चुकलं की त्याच्या गळ्यात ती घालायची आणि आपण सुटायचं. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला छडी.

गेनबाई आल्यावर सुरुवातीला ही पाटी त्यांच्या तासाला कोणी घालत नव्हतं, त्यामुळे त्यांना ठाऊक नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी त्या व्हरांड्यातून जात होत्या. इमला नावाची सहावीतली पोरगी भिंतीला टेकून उभी होती, गळ्यात पाटी. मोठ्या डोळ्यांची, चुणचुणीत पोर. ती पोरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“हे काय आहे?” गेनबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

“सुटायचं तर दुसऱ्याने चुकायला हवं?”

“हो.”

त्यांनी इमलाच्या गळ्यातली पाटी काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. हेडमास्तर उठून उभे राहिले. गेनबाईंनी पाटीवर हात ठेवून एकच शब्द विचारला, “काऊन?”

हेडमास्तर इंग्रजीत म्हणाले, “मिस प्रीस, हा शिस्तीचा प्रश्न आहे. तुम्ही पाहुण्या आहात.”

“आता मी ‘काऊन’ म्हणाले,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पाटी माझीच. दुसरं कोणी चुकेपर्यंत राहू दे.”

त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. गेनबाई गळ्यात पाटी घालून बाजारात गेल्या. वांगी घेतली, मिरच्या घेतल्या. मुरमुरेवाल्या गेनबाईने विचारलं, “हे काय घातलं वो बाई?” ह्यांनी तिला सरळ सांगितलं, “काऊन म्हनलं म्हनून घातली.” पाटीची गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गावांत पोचली.

त्या दिवशी जेवताना त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील पाटीच्या दगडांच्या खाणीवर कामाला होते. त्यांच्या लहानपणी शाळेत वेल्श बोलायला बंदी होती. जो बोलेल त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, आणि नियम अगदी हाच. “माझे वडील म्हणायचे, छडीचं काही वाटलं नाही,” गेनबाई म्हणाल्या. “पण एकदा ते दिवसभर आपल्या जिवलग मित्राच्या मागे मागे फिरले, तो कधी चुकतो ते बघत. तो चुकला. ते म्हातारे झाले तरी त्या मित्राच्या नजरेला नजर देत नसत.” मग त्यांनी ताटातला भात संपवला. शेवटी म्हणाल्या, “इंग्रजी माझी भाषा नाही, कुसुम. मी सहा वर्षांची झाल्यावर शाळेत शिकले. चांगली शिकले, पण घरची नाही.”

हे मला तोवर माहीत नव्हतं. गावाला तर शेवटपर्यंत पटलं नाही. गोरी बाई आणि इंग्रजी घरची नाही, हे कसं?

प्रकरण कमिटीपुढे गेलं. हेडमास्तरांनीच नेलं. त्यांचं म्हणणं, एकतर शाळा मी चालवेन नाहीतर ह्या बाई. मालगुजारांच्या ओसरीवर सगळे जमले. गेनबाई जमिनीवर बसल्या, मी शेजारी. मालगुजारांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, “मास्तर, आता माहीच गोष्ट घ्या. मी बी काऊन म्हनतो, कायले म्हनतो. मंग माह्या गळ्यात बी पाटी घालसान का?”

लोक हसले. हेडमास्तर हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, “मालगुजार, तुम्हाला हसायची कोणाची छाती आहे? तुमच्या बोलण्यामागे तुमची जमीन उभी आहे. मी पुण्याला गेलो तेव्हा माझ्यामागे कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी खानावळीत मी विचारलं, जेवण काऊन नाही झालं अजून? त्यानंतर पदवी मिळेपर्यंत मला ‘काऊन’ ह्याच नावाने हाक मारत. काऊन आला, काऊन गेला. प्रोफेसरसुद्धा. मी खोलीत आरशासमोर उभा राहून ती भाषा जिभेवरून खरवडून काढली. माझ्या पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून ही पाटी आहे. तिथे हसं होण्यापेक्षा इथे रडलेलं बरं.”

गेनबाईंनी माझी बाही ओढली. मी शब्दन्‌शब्द सांगितलं, काही मऊ न करता. त्यांनी मान खाली घातली. मग उठून, गुडघे वाजवत, हेडमास्तरांसमोर गेल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “तुमच्यावर अन्याय झाला. पण तो ह्या पोरांनी केला नाही.”

पाटी बंद करायची, बाईंनी हेडमास्तरांच्या कारभारात पडायचं नाही, असा निवाडा मालगुजारांनी दिला. पाटी बंद झाली. हेडमास्तरांनी गेनबाईंशी बोलणंही बंद केलं. समोरासमोर आले तर नमस्कार करत, एवढंच.

मला वाटत होतं, गेनबाई जिंकल्या. उन्हाळ्यात निकाल लागला आणि चित्र पालटलं. मॅट्रिकला बसलेली बहुतेक पोरं इंग्रजीत नापास झाली. ती सगळी गेनबाईंच्या वर्गातली. ती पोरं इंग्रजीत बोलायची, भांडायची, विनोद करायची. पण परीक्षेत बोलायचं कुठे असतं? तिथे भाषांतर, वाक्यं मोडून त्यांचे भाग ओळखणं, कोणाचं बोलणं आपल्या शब्दांत फिरवून लिहिणं. ते गेनबाईंनी शिकवलंच नव्हतं. त्यांना ते क्षुल्लक वाटायचं.

एक शेतकरी दारात आला. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. “बाई, पोट्टा घरी इंग्रजीच बोलून राहिला. म्हशीसंग बी इंग्रजीत बोलते. मंग नापास काऊन झाला?”

गेनबाई उठल्या. त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर त्या खोलीत जाऊन बसल्या. दोन दिवस सकाळचं गाणं झालं नाही. शेजारीण येऊन विचारून गेली, बाई बिमार हाय का. मी जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, “त्या पोराचं एक वर्ष गेलं, कुसुम. त्याचा बाप पुढचं वर्ष त्याला शाळेत ठेवील का? मी मजेत होते. पैसे घेत नव्हते म्हणून मला वाटलं, माझं सगळं बरोबरच असणार.”

त्या परत जातील असं मी धरून चालले होते. हेडमास्तरांनीही धरलं असावं. शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मॅट्रिकच्या वर्गात हेडमास्तर व्याकरण शिकवायला उभे राहिले तर मागच्या बाकावर गेनबाई. बाक लहान, त्या रुंद, त्यामुळे शेजारच्या पोराला भिंतीशी चेपून बसावं लागलं होतं.

“मिस प्रीस, आपण इथे?”

“शिकून राहिली,” त्या म्हणाल्या. “तुमची परवानगी असेल तर.”

हेडमास्तर खडू हातात धरून उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, ही आणखी एक पाटी आहे. पण बाईंचा चेहरा तसा नव्हता. “बसा,” ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

पूर्ण पावसाळाभर त्या तिथे बसल्या. हेडमास्तर वाक्याचे भाग पाडायला सांगत. बाई हात वर करत, उभ्या राहत आणि चुकत. “नो, मिस प्रीस. नाउन क्लॉज,” हेडमास्तर म्हणत. पोरं तोंडावर हात ठेवून हसत. आधी हेडमास्तर अवघडत, मग हळूहळू त्यांना त्यात रस वाटू लागला. एकदा बाई हट्टाला पेटल्या की माझंच बरोबर. हेडमास्तरांनी पुस्तक काढून दाखवलं. बाई पुस्तक वाचून म्हणाल्या, “पुस्तक चुकलं असेल.” त्यावर पटले मास्तर हसले. शाळेत त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

मग तासांची वाटणी झाली. सकाळी हेडमास्तर व्याकरण घेत आणि दुपारी त्याच धड्यावर गेनबाई पोरांना बोलतं करत. एकमेकांच्या वर्गात दोघंही जाऊन बसत.

ह्याच सुमारास गेनबाईंचं हेडमास्तरांच्या घरी जाणं सुरू झालं. निमित्त स्वयंपाक शिकण्याचं. मास्तरांच्या आई फार म्हाताऱ्या, पोवारीच बोलणाऱ्या. सुवारी, म्हणजे गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून केलेली पुरी, करायला त्या बाईंना शिकवत. बाईंच्या पुऱ्या फाटायच्या. म्हातारी लाटणं हिसकावून घ्यायची आणि बाईंच्या हातावर चापट मारायची. एका रविवारी मीही गेले होते. दोघी चुलीपाशी बसून काहीतरी बोलत होत्या, अर्धं शब्दांनी अर्धं हातांनी, आणि हसत होत्या. म्हातारी एका गोष्टीवर एवढी हसली की तिला ठसका लागला. हेडमास्तर बाहेर वाचत बसले होते. ते आत आले, आईला पाणी दिलं आणि उंबऱ्यावर थांबले.

“काय सांगून राहिली ती?” गेनबाईंनी त्यांना विचारलं.

हेडमास्तर आईजवळ उकिडवे बसले आणि तिला पोवारीत काहीतरी विचारलं. तीन-चार शब्दच असतील, अडखळत. म्हातारीने चमकून त्यांच्याकडे बघितलं. मग जणू काहीच झालं नाही असं तिने बोलायला सुरुवात केली आणि थांबेचना. ते ऐकत होते, मधे मधे उत्तर देत होते. त्यांचा वर्गातला आवाज छापील होता. हा वेगळाच, खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत. गेनबाईंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं. आम्ही दोघी सुवाऱ्या तशाच सोडून बाहेर आलो. म्हातारीने काय सांगितलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा आणि जागोजागी दंडार, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं लोकनाट्य, ढोलकीच्या तालावर नाचत, गात, भांडत केलेलं. गेनबाईंनी ती पाहिली आणि ठरवलं की आपली पोरं इंग्रजीत दंडार करतील. कथा त्यांनीच रचली. एकाची म्हैस दुसऱ्याच्या धानात शिरते, दोघे भांडतात, पोलीस येतो आणि निवाडा करता करता म्हशीचं सगळं दूध पिऊन जातो. इमला धानाची मालकीण झाली. पोरीने नाचायचं म्हणून तिच्या घरच्यांनी कुरकुर केली, पण हेडमास्तर स्वतः जाऊन बोलून आले. संवादही त्यांनीच दुरुस्त केले. ‘म्हशीने खाल्लं’ ह्याला इंग्रजीत क्रियापदाचं कोणतं रूप घ्यायचं, ह्यावर ते आणि बाई एक दुपार भांडले होते.

मंडईत तुडुंब गर्दी. “योर बफेलो!” इमला कंबरेवर हात ठेवून ओरडली. “माय बफेलो?” समोरचा छातीवर हात ठेवून म्हणाला. एवढ्यावरच लोक लोटपोट झाले. पुढे इमला अडली. वाक्य आठवेना. ढोलकी वाजत राहिली. तेवढ्यात प्रेक्षकांतून हेडमास्तरांचा खणखणीत आवाज आला, “हॅज ईटन!” लोकांना वाटलं हा दंडारीचाच भाग आहे. ढोलकीवाल्याने ते उचललं आणि सगळी मंडई तालावर म्हणू लागली, हॅज ईटन, हॅज ईटन. हेडमास्तर कोटाच्या खिशात हात घालून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. माझ्या शेजारचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “इंग्रजीत बी भांडन आपल्यासारखंच असते गा.”

त्या वर्षी निकाल चांगला लागला. सगळे नाही, पण पुष्कळ पोरं पास झाली. तो म्हशीशी बोलणारा पोरगाही. त्याच्या बापाने त्याला शाळेत ठेवलं होतं, ते गेनबाई दर महिन्याला सायकलने त्याच्या घरी जात म्हणून. इमला पुढे एकोणसाठमध्ये मॅट्रिक झाली, आमच्या शाळेतून पास झालेली पहिली मुलगी. पण ते बघायला बाई नव्हत्या.

दोन वर्षांसाठी आलेल्या गेनबाई जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. छप्पनच्या उन्हाळ्यात त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळल्याचं कळलं. बहिणीला दुसरं कोणी नव्हतं. परीक्षा संपेपर्यंत थांबल्या आणि निघाल्या. सायकल शाळेला दिली. निरोपाचा समारंभ करू नका असं त्यांनी निक्षून सांगितलं, तरी मालगुजारांनी केला. हेडमास्तरांना भाषण करायचं होतं. ते उभे राहिले, नेहमीच्या छापील मराठीत दोन वाक्यं बोलले आणि मग खाली बसले. त्यांच्या आईने सुवाऱ्यांचं गाठोडं पाठवलं होतं.

मुंबईची मेल गोंदियाला मिळायची. स्टेशनवर मी एकटीच गेले, कारण त्यांनी बाकीच्यांना शपथ घातली होती. एप्रिलची दुपार, फलाट तापलेला. गाडीला वेळ होता. आम्ही सावलीत बसलो. इतकी वर्षं एका छताखाली काढली होती. शेवटी सगळे विचारतात तेच विचारलं, “पुन्हा याल ना?”

त्यांनी थोडा विचार केला. “नाई येनार, कुसुम. वय झालं, पैसे बी नाई. खोटं कायले बोलू?”

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. फक्त माझा हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या.

गाडी आली. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. आत माणसांची, गाठोड्यांची रेटारेटी चालली होती. गाडी सुटताना त्यांनी चष्मा काढून झग्याच्या टोकाने डोळे पुसले आणि त्या तशाच, चष्मा हातात धरून, खिडकीबाहेर वाकल्या. चष्म्याशिवाय त्यांना हातभराच्या पलीकडचं दिसत नसे. मी डावीकडे होते. त्या हसत, जोरजोरात हात हलवत होत्या उजवीकडे. तिथे बिडीपत्त्याच्या गाठोड्यांवर एक म्हातारा बसला होता. तो आधी मागे वळून बघू लागला, की ही बाई कोणाला हात करते आहे. मागे कोणी नव्हतं. मग तो उठून उभा राहिला, डोक्याचं मुंडासं सारखं केलं आणि त्यानेही हात वर केला. मी हाक मारली नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत दोघे एकमेकांना हात करत राहिले.